आठ नायकांची पंगत : 'ऑल स्टार कॉमिक्स'चा तिसरा अंक

लोकप्रिय वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा नायकापासून आरंभ करतो. अतिमानवी नायकांच्या अमेरिकन चित्रकथांचा इतिहासही असाच सांगितला जातो : १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, १९३९ साली बॅटमॅन आला, आणि पुढे नायकांची रांग लागली. या इतिहासात एका वेगळ्या घटनेची नोंद मात्र केवळ तळटीपेपुरती होते. ती घटना म्हणजे या नायकांचे परस्परांना भेटणे. आज चित्रपटगृहांत एकाच पडद्यावर दहा-बारा नायक दिसतात आणि प्रेक्षकाला त्यात नवल वाटत नाही. हे नवल न वाटणे कोठून आले, याचा शोध घेऊ लागलो की आपण एका जेवणाच्या मेजापाशी येऊन पोहोचतो. ते मेज 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात मांडलेले आहे. अंकावर १९४०च्या हिवाळ्याचा उल्लेख आहे आणि किंमत आहे दहा सेंट.

मालिकेच्या क्रमाने हा अंक तिसरा असला, तरी 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' या संघाचा तो पहिला अंक होय. आधीचे दोन अंक साध्या संकलनाच्या स्वरूपाचे होते. निरनिराळ्या नायकांच्या स्वतंत्र कथा एका वेष्टनात बांधलेल्या, आपल्या दिवाळी अंकात एकाची कथा संपून दुसऱ्याची सुरू व्हावी तशा. अनुक्रमणिकेत शेजारी असलेली पात्रे कथेत मात्र एकमेकांना अनोळखी होती. तिसऱ्या अंकात हे बदलले. एव्हरेट हिबर्ड यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर आठ नायक एका मेजाभोवती बसलेले दिसतात : फ्लॅश, हॉकमॅन, ग्रीन लँटर्न, ॲटम, स्पेक्टर, डॉक्टर फेट, सँडमॅन आणि अवरमॅन.

दोन भिन्न नायकांची गाठ घालून देण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. 'टाइमली' या प्रतिस्पर्धी प्रकाशनाने १९४० सालीच 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स'मध्ये अग्निरूप ह्यूमन टॉर्च आणि जलवासी सब-मरिनर यांची झुंज लावली होती. परंतु ती झुंज होती. दोघे भांडले आणि आपापल्या वाटेने गेले. 'ऑल स्टार'ने जे केले ते गुणात्मक दृष्ट्या वेगळे होते. त्याने नायकांची संस्था स्थापन केली. तिला नाव दिले, अध्यक्ष दिला, सभासदत्वाचे नियम दिले. आपल्याकडे 'सोसायटी' म्हटले की वार्षिक सभा, थकबाकी आणि पाण्याची टाकी आठवते. गंमत अशी की या वीरांच्या सोसायटीतही सभा होत्या, नियम होते आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, कोणाला आत घ्यायचे व कोणाला नाही याचे राजकारणही होते.

अंकाचा आकृतिबंध वाङ्मयाच्या अभ्यासकाला लगेच ओळखीचा वाटेल. नायक जेवणासाठी जमतात. प्रत्येकाने आपला एक अनुभव सांगावा असे ठरते, आणि एकेक जण सांगू लागतो. मधल्या कथा त्या त्या नायकाच्या, बहुतेक त्याच्या नेहमीच्या चित्रकाराने रेखाटलेल्या. हॉकमॅनची कथा शेल्डन मोल्डॉफ यांची, डॉक्टर फेटची हॉवर्ड शर्मन यांची, स्पेक्टर आणि अवरमॅन या दोघांच्या बर्नार्ड बेली यांच्या. या सुट्या कथांना गुंफणारी मेजावरची दृश्ये हिबर्ड यांनी काढली. म्हणजे ही सरळसरळ कथनाची चौकट आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'पासून बोकाच्चोच्या 'डेकॅमेरॉन'पर्यंत आणि चॉसरच्या यात्रेकरूंपर्यंत जगभरच्या कथाकारांनी सुट्या कथा एकत्र ठेवण्यासाठी हीच युक्ती वापरली आहे.

तथापि साम्याइतकाच भेदही बोलका आहे. थोर चौकटकथांमध्ये चौकटीला स्वतःची निकड असते. वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असून दिले नाही तर राजाच्या मस्तकाची शकले होणार असतात, आणि दिले तर प्रेत पुन्हा झाडावर. 'डेकॅमेरॉन'च्या बागेबाहेर प्लेगने माणसे मरत असतात. 'ऑल स्टार'च्या मेजाभोवती अशी कोणतीही निकड नाही. कोणी दाराशी आलेले नाही, कोणते संकट टळायचे नाही. आठ सामर्थ्यवान पुरुष जमतात, खातात, थोरवी सांगतात आणि ऐकतात. त्यांपैकी स्पेक्टर तर खून झालेल्या पोलीस अधिकाऱ्याचे भूत आहे. तरीही त्याच्या बसण्याने मेजावर विशेष अस्वस्थता पसरत नाही. कथात्म वाङ्मय म्हणून पाहिले तर हा अंकाचा दोष आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही.

पण इतिहास म्हणून पाहिले तर हाच दोष अर्थपूर्ण ठरतो. संघ आधी जन्मला, त्याचे प्रयोजन नंतर आले. या अंकात आठ जण मिळून एकही लढाई लढत नाहीत. ते एक होतात ते केवळ परस्परांचे श्रोते होऊन. अंकाच्या अखेरीस फ्लॅशला संघीय गुप्तचर विभागाच्या प्रमुखाकडून वॉशिंग्टनला येण्याचा निरोप मिळतो, आणि १९४१च्या मार्च-एप्रिलच्या चौथ्या अंकात सगळे मिळून देशांतर्गत हेर व घातपाती यांच्या मागे लागतात. अमेरिका महायुद्धात उतरली ती १९४१च्या डिसेंबरात. चित्रकथेतली सोसायटी तिच्या कित्येक महिने आधीच कामाला लागली होती. जी निकड तिसऱ्या अंकाच्या चौकटीत नव्हती ती इतिहासाने पुरवली. एकत्र जमणे, आपापल्या प्रकरणात विखुरणे आणि शेवटी पुन्हा एकत्र येणे हा साचा तेथे तयार झाला.

आता प्रश्न असा की या आठांनाच का बोलावले? याचे उत्तर कथेत शोधून सापडत नाही. ते प्रकाशन-व्यवसायात आहे. या आठांपैकी फ्लॅश आणि हॉकमॅन 'फ्लॅश कॉमिक्स'मधले, ग्रीन लँटर्न आणि ॲटम 'ऑल-अमेरिकन कॉमिक्स'मधले, स्पेक्टर आणि डॉक्टर फेट 'मोअर फन कॉमिक्स'मधले, तर सँडमॅन आणि अवरमॅन 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'मधले. चार मासिके, प्रत्येकातून दोन. पहिली दोन मासिके मॅक्स गेन्स यांच्या 'ऑल-अमेरिकन' संस्थेची, दुसरी दोन तिच्या भगिनी-संस्थेची, जिला पुढे आपण 'डीसी' म्हणून ओळखू लागलो. एका मासिकाच्या वाचकाला दुसऱ्या मासिकाची चव दाखवावी, हा सरळ व्यापारी हिशेब येथे आहे. कल्पनेचे श्रेय संपादक शेल्डन मेयर आणि लेखक गार्डनर फॉक्स या दोघांकडे दिले जाते. त्यांचे कौशल्य असे की हिशेबाच्या या वहीला त्यांनी पंगतीचे रूप दिले.

सभासदत्वाचा नियम तर आणखी मार्मिक आहे. ज्या नायकाचे स्वतःच्या नावाचे स्वतंत्र मासिक निघेल, त्याने सोसायटीतून बाहेर पडून 'मानद सभासद' व्हावे. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांची स्वतंत्र मासिके आधीच होती. म्हणून ते प्रारंभापासून मानद, म्हणजेच गैरहजर. १९४१ साली फ्लॅशचे स्वतंत्र त्रैमासिक निघाले आणि पहिला अध्यक्ष निघून गेला. त्याच वर्षी ग्रीन लँटर्नचेही मासिक निघाले आणि तोही गेला. उलट अवरमॅनची लोकप्रियता बेताची, म्हणून त्याला रजेवर पाठवून त्याच्या जागी स्टारमॅन आणला गेला. यश मिळाले तर बाहेर, अपयश आले तरी बाहेर! उरला तो हॉकमॅन. 'ऑल स्टार'मधल्या सोसायटीच्या प्रत्येक कथेत हजर असलेला तो एकमेव सभासद. त्याची ही निष्ठा फार वाखाणली गेली आहे, परंतु तिचे कारण एवढेच की त्या काळात त्याच्या नावाचे मासिक कधी निघाले नाही. ज्यांना स्वतःचे घर नाही अशांची ही पंगत होती. आजच्या संघकथा सर्वांत यशस्वी नायकांना एकत्र आणतात. मूळ कल्पना नेमकी याच्या उलट होती.

पंगतीत न बसलेल्यांकडेही पाहायला हवे. जॉनी थंडर हा विनोदी नायक निमंत्रण नसताना येऊन बसतो. त्याला पुढे सहाव्या अंकात, फ्लॅशच्या रिकाम्या जागी, रीतसर सभासदत्व मिळाले. आणखी एक व्यक्ती येते ती रेड टोर्नाडो. ही म्हणजे मेयर यांनी निर्माण केलेली मा हंकेल. डोक्यावर भांडे घालून गुंडांना चोप देणारी, थोराड बांध्याची एक गृहिणी. ती येते, तिची विजार फाटलेली असते, आणि लाजून ती लगेच निघून जाते. दृश्य हास्यासाठी आहे आणि हसू येतेही. परंतु नायकांच्या पहिल्या सभेत आलेली एकमेव वीरांगना वस्त्र फाटल्यामुळे न बसताच परतते, ही गोष्ट हसून झाल्यावरही मनात राहते. पुढे आठव्या अंकात वंडर वुमन प्रथम अवतरली आणि १९४२ साली तिला सोसायटीत स्थान मिळाले ते 'सेक्रेटरी' म्हणून. देवतांकडून सामर्थ्य लाभलेली ही स्त्री सभेचे टिपण घेऊ लागली. मुलांच्या वाङ्मयात समाजाचे आसनक्रम किती निरागसपणे उमटतात याचे हे उदाहरण वर्गात चर्चेला घेण्याजोगे आहे.

अशा मर्यादा असूनही या अंकाने एक मूलभूत गोष्ट केली. तोवर प्रत्येक नायकाचे जग स्वयंपूर्ण होते. त्या जगात दुसऱ्या नायकाला जागा नव्हती, कारण नायकाचे एकमेवपण हाच त्या जगाचा पाया होता. मेजाभोवती आठ जण बसताच आठ जगे एक झाली. वाचकाने एका कथेत जे वाचले ते दुसऱ्या कथेतही खरे मानायचे, असा अलिखित करार तेथे झाला. सामायिक कथाविश्व असे आज आपण ज्याला म्हणतो, त्याचे हे बीज होय. 'ऑल स्टार कॉमिक्स' १९५१ साली सत्तावन्नाव्या अंकानंतर वीरकथा सोडून पश्चिमेच्या घोडेस्वारांकडे वळले. परंतु १९६० साली संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी हीच कल्पना पुन्हा हाती घेतली. 'सोसायटी'पेक्षा 'लीग' हा शब्द मुलांना बेसबॉलमुळे जवळचा वाटेल म्हणून त्यांनी 'जस्टिस लीग' असे नाव ठेवले. लेखक पुन्हा गार्डनर फॉक्सच. १९६१ साली फॉक्स यांनी जुन्या आणि नव्या फ्लॅशची भेट घडवून दोन समांतर पृथ्वी कल्पिल्या आणि १९६३ साली दोन्ही संघांची गाठ घालून दिली. त्याच वर्षी मार्व्हलचे 'अव्हेंजर्स' निघाले. एका पंगतीचा हा वंशविस्तार आहे.

शेवटी त्यांच्याविषयी, ज्यांची नावे मेजावर नव्हती. फॉक्स यांचे शिक्षण वकिलीचे. लेखन हा त्यांचा आयुष्यभराचा चरितार्थ. पात्रे मात्र प्रकाशकाच्या मालकीची होती आणि लेखकाला मिळे ते पानांच्या हिशेबाने. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात डीसीच्या काही जुन्या लेखकांनी एकत्र येऊन आरोग्यविमा आणि तत्सम सवलती मागितल्या. फॉक्स त्यांत होते. १९६८ साली त्यांचे तेथील काम थांबले. मेजावर बसलेल्या ग्रीन लँटर्नच्या निर्मितीत मार्टिन नोडेल यांच्या जोडीला बिल फिंगर होते. बॅटमॅनच्या निर्मितीतील वाट्याबद्दल फिंगर यांचे नाव अधिकृतपणे छापले जाऊ लागले ते २०१५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी.

एकेकट्या नायकांना सोसायटी हवी हे फॉक्स यांना १९४० साली सुचले. अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी स्वतः इतर लेखकांबरोबर एका मेजाशी बसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यासाठी ताट वाढलेले नव्हते. वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण पात्रांचा वंश सांगतो, आकृतिबंधाचा प्रवास सांगतो. या अंकाच्या बाबतीत तेवढे सांगून थांबलो तर पंगतीचे वर्णन पूर्ण होईल, पण स्वयंपाक कोणी केला आणि तो जेवला की उपाशी राहिला, हे सांगायचे राहून जाईल.