एका पैशाचें भांडवल

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’मध्यें एका निर्धन वाण्याच्या पोराची कथा आहे. विशाखिल नांवाचा धनिक व्यापारी दुसऱ्या एका तरुणास बोल लावीत होता कीं, जमिनीवर पडलेला हा मेलेला उंदीरसुद्धां कुशल माणसास भांडवल म्हणून पुरेल. पोरानें तो उंदीर रीतसर लेख करून उसना घेतला. एका वाण्यानें आपल्या मांजरासाठीं तो ठेवून घेतला व त्याच्या बदल्यांत दोन ओंजळी हरभरे दिले. पोरानें ते भाजले, पाण्याची घागर घेतली आणि नगराबाहेर सावलींत बसून थकल्याभागल्या मोळीवाल्यांस चणे-पाणी दिलें. प्रत्येकानें संतोषानें दोन दोन लांकडें दिलीं. लांकडांचे पुन्हा हरभरे, हरभऱ्यांचीं पुन्हा लांकडें, असें करतां करतां साठा वाढला. आणि अतिवृष्टीमुळें लांकूड मिळेनासें झालें तेव्हां त्या साठ्याचें सोनें झालें. अखेरीस त्यानें सोन्याचा उंदीर घडवून विशाखिलाचें ऋण फेडलें.

या कथेंत दैवाचा भाग आहे, पण तो शेवटीं. त्यापूर्वींची प्रत्येक अदलाबदल समोरच्या माणसाची त्या क्षणाची गरज ओळखून केलेली होती. एका चतुर पोरास जें साधलें तें एका सबंध समाजास साधेल काय? हा प्रश्न महाराष्ट्रानें एकदां प्रत्यक्ष करून पाहिला. त्याचें स्थळ मावळांतील तळेगांव दाभाडे; मुंबई-पुणें लोहमार्गावरचें, चिंचवड आणि चाकण यांच्या शेजारचें गांव.

अंताजी दामोदर काळे यांची कल्पना ऐकण्यास अगदीं साधी होती. देशी उद्योगांसाठीं भांडवल हवें. तें थोड्या धनिकांनीं देण्याची वाट न पाहतां माणशीं एक पैसा याप्रमाणें सर्वांपासून गोळा करावें. कल्पना साधी, पण हिशेब कठीण. त्या वेळच्या रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक लाख रुपये जमण्यास ६४ लाख हात पुढें यावयास हवेत! एक पैसा मागण्यास जाणाऱ्याच्या वहाणा पैशाहून अधिक झिजतात, अशी शंका कोणाही व्यवहारी माणसास येईल. तिचें उत्तर अंकांत नव्हतें. धनिकाच्या हजार रुपयांनीं एक भागीदार मिळतो; हजार रुपयांचे पैसे गोळा केले तर चौसष्ट हजार माणसांस तो कारखाना आपला वाटतो. १९०५ सालच्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ देशभर पसरली, लोकमान्य टिळकांनीं पैसाफंडास पाठिंबा दिला, आणि या विचारास बळ चढलें.

१९०८ सालीं पैसाफंडाचा काचकारखाना तळेगांवीं सुरू झाला. काचच कां, याचें कारण घरोघर दिसत होतें. सौभाग्याची बांगडी, दिव्याची चिमणी, औषधाची बाटली या नित्याच्या वस्तु. आणि त्यांपैकीं पुष्कळशा ऑस्ट्रिया, बेल्जम यांसारख्या दूरच्या देशांतून येत. कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. ते उत्तरेकडील गृहस्थ. जपान व अमेरिका येथें शिकून आलेले. मराठी माणसांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या भट्टीपाशीं हिंदी भाषी तज्ज्ञ उभा राहिला, हेंही त्या काळच्या स्वदेशीचें एक लक्षण होय. त्याच वर्षाच्या जुलैमध्यें टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. मोठा आधार दूर गेला, परंतु भट्टी चालूच राहिली.

काचेचा धंदा नवशिक्यास फार महाग पडतो. वाळू, सोडा व चुना यांचें मिश्रण प्रखर उष्णतेंत वितळवावयाचें. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावयाची. कुंडी तडकली तर आंतला रस वायां. रस तयार झाला तरी नळीनें फुंकून त्यास आकार देणारा हात पुस्तकें वाचून तयार होत नाहीं. कथेंतल्या पोराचा उंदीर फुकट गेला असता तर नुकसान एकट्याचें होतें. येथें फुटणाऱ्या प्रत्येक बाटलींत अनोळखी माणसांचे पैसे होते, आणि त्यांना परत कांहींच मिळावयाचें नव्हतें.

मग या अदलाबदलींत मिळालें काय? पैशाची भट्टी झाली, भट्टींतून काच निघाली आणि काचेबरोबर काचकाम जाणणारीं माणसें तयार झालीं. तळेगांवास शिकलेले कारागीर पुढें देशांतल्या निरनिराळ्या काचकारखान्यांत गेले. स्वतः वार्ष्णेयांनीं संयुक्त प्रांतांत बहजोई येथें कारखाना उभारला. १९१४ सालीं महायुद्ध पेटून ऑस्ट्रियाचा माल बंद पडला, तेव्हां देशी काचेस अवचित मागणी आली. मोळीवाल्यांच्या कथेंतला तो पाऊसच म्हणावयाचा. पण पाऊस पडला त्या वेळीं ज्याच्याजवळ सांठविलेलें लांकूड होतें त्यालाच त्याचा लाभ. हिंदुस्थानाजवळ तें लांकूड म्हणजे शिकलेले हात होते. युद्ध संपल्यावर परदेशी माल पुन्हा आला, चढाओढ वाढली, आणि तळेगांवाच्या भट्टीचें कोणतेंही मोठें औद्योगिक साम्राज्य झालें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

पिंपरीस हिंदुस्तान ॲंटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालीं झाली; महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं अस्तित्वांत आलें. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकण-तळेगांवपर्यंत कारखान्यांची रांग आहे. ती पैसाफंडांतून निघाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तिचें भांडवल निराळें, कारणें निराळीं. परंतु या पट्ट्यांत यंत्रांचा गजर घुमण्यापूर्वीं ४६ वर्षें, कोणाचीही हमी नसतां, केवळ पैशापैशानें एक भट्टी येथें पेटली होती. विशाखिलास त्याचा उंदीर सोन्याचा होऊन परत मिळाला. पैसा देणाऱ्यांस तसें कांहीं मिळालें नाहीं, त्यांचीं नांवेंही राहिलीं नाहींत. त्यांचें ऋण दूरदूरच्या भट्ट्यांपाशीं उभ्या असलेल्या कारागिरांनीं, आपण कोणाचें ऋण फेडीत आहोंत हें न जाणतां, फेडलें.