उष्ण-दमट हवामानातील विद्यापीठ ग्रंथालयांची वास्तुरचना

उष्ण-दमट प्रदेशात ग्रंथालयाच्या वास्तूला दोन परस्परविरोधी गरजा भागवाव्या लागतात. वाचकाला वारा व उजेड हवा असतो, तर ग्रंथांना कोरडी हवा व सौम्य प्रकाश मानवतो. कमीत कमी वीज वापरून या दोहोंचा मेळ घालणे हे येथील शाश्वत वास्तुरचनेचे मुख्य उद्दिष्ट होय.

हवामान व दिशा

मुंबई आणि अंजूर-भिवंडीचा परिसर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे छप्पर सर्वाधिक तापते. दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतींवर तिरपे ऊन येते. पण समुद्रावरचा वाराही पश्चिमेकडूनच येतो. म्हणून ती बाजू बंद न करता सावलीत ठेवणे श्रेयस्कर ठरते. वाचनासाठी उत्तरेकडील स्थिर प्रकाश उत्तम मानला जातो.

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय

फोर्ट संकुलातील ग्रंथालय व राजाबाई मनोरा यांचा आराखडा इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून साकारलेले हे बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. मनोऱ्याला प्रेमचंद यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. स्कॉट कधीही भारतात आले नव्हते. तरीही ओव्हल मैदानाकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड असलेल्या या गॉथिक वास्तूत कमानदार ओवरी, जाड दगडी भिंती व उंच छत ही हवामानाला साजेशी वैशिष्ट्ये आढळतात. ओवरी ऊन-पाऊस अडवते, भिंती उष्णता सावकाश आत सोडतात आणि उंच छतामुळे गरम हवा वाचकाच्या डोक्यावर राहते. २०१८ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळात समाविष्ट झाली.

ग्रंथसंरक्षण

पावसाळ्यात मात्र मोकळी हवाच ग्रंथांना बाधते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सुमारे ६५ ते ७० टक्क्यांहून अधिक राहिल्यास कागदावर बुरशी धरते. कसरीचाही उपद्रव वाढतो. दिवसा वातानुकूलन चालवून रात्री ते बंद ठेवल्यास आर्द्रता वारंवार बदलते आणि कागद व बांधणी फुगते-आकसते. त्यामुळे संपूर्ण इमारत थंड करण्याऐवजी वाचनकक्ष वायुवीजनावर व पंख्यांवर ठेवून हस्तलिखिते आणि दुर्मिळ ग्रंथ लहान, आर्द्रतानियंत्रित दालनात ठेवणे अधिक किफायतशीर व सुरक्षित असते. कपाटे बाहेरील भिंतींपासून दूर ठेवणे, गच्चीची गळती पावसाळ्यापूर्वी थांबवणे आणि पन्हळी स्वच्छ राखणे हेही तितकेच आवश्यक असते.