मद्रासची खंडणी : सौम्य तहाचा एक प्रतितथ्यात्मक विचार

1919 साली व्हर्साय येथे जर्मनीवर सौम्य अटी लादल्या गेल्या असत्या, तर फ्रान्स आणि जर्मनी यांच्या संबंधांना कोणते वळण लागले असते, हा प्रश्न केन्सच्या त्याच वर्षीच्या पुस्तकापासून वारंवार चर्चिला गेला आहे. जेत्याने हात आखडता घेतला तर वैर शमते, हे गृहीतक त्यामागे असते. या गृहीतकाची कसोटी पाहण्यासाठी युरोपातच राहण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास मद्रास शहराबाबत फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात दोनदा सौम्य तडजोड झाली. एक मोडली गेली, दुसरी पाळली गेली; आणि दोन्हींचे परिणाम तंजावरच्या मराठी राज्यापर्यंत पोहोचले.

21 सप्टेंबर 1746 रोजी मॉरिशसचा गव्हर्नर ला बूर्दोने याच्या आरमारापुढे मद्रासच्या इंग्रजांनी शरणागती पत्करली. (इंग्रजांच्या दप्तरात हीच तारीख 10 सप्टेंबर आहे, त्यांची जुनी कालगणना अकरा दिवस मागे होती.) ला बूर्दोनेने शहर ताब्यात ठेवण्याऐवजी 11 लाख पॅगोडांची, मराठी कागदपत्रांच्या भाषेत होनांची, खंडणी ठरवून ते इंग्रजांना परत करण्याचा करार केला. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याला तो मान्य नव्हता. मद्रास आपण कर्नाटकचा नबाब अन्वरुद्दीन याला देऊ, असे आश्वासन त्याने आधीच देऊन ठेवले होते. ऑक्टोबरमधील वादळाने ला बूर्दोनेची जहाजे मोडली आणि त्याला किनारा सोडावा लागला. 10 नोव्हेंबरला डुप्लेने करार रद्द ठरवला. नबाबाला शहर मिळाले नाहीच. ते घेण्यासाठी आलेल्या त्याच्या मोठ्या फौजेचा अड्यार नदीकाठी फ्रेंचांच्या छोट्या तुकडीने पराभव केला होता. कराराचा भंग झाल्याने शब्दातून मुक्त झालेले काही इंग्रज कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडकडे निसटले. त्यांत रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा एक तरुण कारकूनही होता.

‘खंडणीचा करार पाळला गेला असता तर’ हा प्रश्न प्रथम कोणी विचारला, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटेल. तो इतिहासकाराने विचारलेला नाही. आरोपीने विचारला आहे. मायदेशी परतल्यावर ला बूर्दोनेला लाच घेऊन शत्रूला सवलत दिल्याच्या आरोपावरून बास्तीयच्या तुरुंगात टाकण्यात आले. 1751 मध्ये तो निर्दोष सुटला आणि दोन वर्षांनी मरण पावला. जिंकलेले ठाणे ताब्यात ठेवू नये अशी वरिष्ठांची सूचना होती, हा त्याच्या बचावाचा आधार होता. पुढे पदच्युत झालेल्या डुप्लेनेही आपली कैफियत मांडली. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी न लागल्याने पर्यायी इतिहास सुरू होतो. तेथे कल्पनेला एक योगायोग पुरतो. मद्रासच्या ‘जर-तर’चे मूळ मात्र कैफियतीत, म्हणजे दोष नाकारण्यासाठी लिहिलेल्या गद्यात आहे, आणि प्रत्येक वाक्यामागे उभा असलेला न्यायाधीश वाचकाला जाणवत राहतो. या दोन कैफियतींच्या शेजारी आनंद रंग पिळ्ळै यांची तमिळ रोजनिशी ठेवावी लागते. पाँडिचेरीच्या या व्यापारी दुभाष्याने डुप्लेशी झालेली बोलणी आणि बाजारातील वार्ता दोन्ही टिपून ठेवल्या. निकाल मागण्याची गरज नसल्याने त्यांचे लेखन या तिघांत अधिक विश्वसनीय ठरते.

करार टिकला असता काय? टिकण्याची शक्यता फार थोडी दिसते. आणि अटी सौम्य होत्या हे त्याचे कारण म्हणता येत नाही. ज्या नबाबाच्या मुलखात हे शहर होते, त्याचे नाव करारात कोठेच नव्हते. दोन युरोपीय कंपन्यांमधील औदार्य तिसऱ्याला वगळून उभे होते, आणि डुप्लेने त्या तिसऱ्याचीच सबब पुढे केली.

दुसरी तडजोड हेच अधिक स्पष्टपणे दाखवते. 1748 च्या एक्स-ला-शापेलच्या, म्हणजे जर्मन भूमीवरील आखनच्या, तहाने फ्रान्सने नेदरलँड्समधील जिंकलेला प्रदेश सोडला आणि उत्तर अमेरिकेतील लुईबूर्गच्या बदल्यात मद्रास इंग्रजांना परत केले. ‘तहासारखा मूर्ख’ असा वाक्प्रचार त्यानंतर पॅरिसमध्ये रूढ झाला. हा तह निदान कागदोपत्री पाळला गेला. परंतु युद्ध संपल्याने दोन्ही कंपन्यांजवळ रिकाम्या फौजा उरल्या, आणि त्यांचा खर्च भागवण्याचा मार्ग म्हणजे त्या देशी सत्ताधीशांच्या कलहात भाड्याने देणे. 1741 मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्लीत पकडलेला चंदासाहेब साताऱ्याच्या कैदेतून सुटून परतला होता. त्याला डुप्लेने साहाय्य केले आणि ऑगस्ट 1749 मध्ये अंबूरच्या लढाईत अन्वरुद्दीन मारला गेला. त्या आधीच इंग्रजांनी तंजावरच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या शहाजीची बाजू घेऊन प्रतापसिंह राजाच्या मुलखावर स्वारी केली होती. पहिली मोहीम फसली. दुसरीत, जून 1749 मध्ये, मेजर लॉरेन्सने देवीकोट्टईचा किल्ला घेतला; हल्ल्यात क्लाइव्हही होता. मग प्रतापसिंहाशी समेट करून इंग्रजांनी किल्ला ठेवून घेतला आणि ज्याच्या नावाने मोहीम काढली त्या शहाजीची नेमणुकीवर बोळवण केली.

युरोपात तह टिकला तो 1756 पर्यंत. तंजावरच्या बाजूने पाहता, तहाला वर्षही पूर्ण झाले नव्हते आणि मद्रासवर इंग्रजांचे निशाण पुन्हा चढायचे होते, तेव्हाच देवीकोट्टईत त्यांची शिबंदी बसलेली होती.