कामठीचे रुस्तमजी आणि किनाऱ्याचा पहारा

कळमेश्वरपासून समुद्र सात-आठशे किलोमीटर दूर आहे. इथल्या माणसाला तटरक्षक दल आठवते ते पावसाळ्यात बातम्या पाहताना. बुडणाऱ्या होडीवर एक हेलिकॉप्टर घिरट्या घालते, दोर खाली येतो आणि एकेक खलाशी वर ओढला जातो. मात्र या दलाचा आराखडा ज्या समितीने दिला, तिचा अध्यक्ष आपल्याच नागपूर जिल्ह्यातला होता, हे फारसे कुणाला माहीत नसते.

खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ मध्ये कामठीत, एका पारशी कुटुंबात झाला. १९३८ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पोलीस सेवेत दाखल झाले. पुढे पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले महासंचालक तेच होते. जमिनीवरची सीमा सांभाळलेल्या या माणसाकडे १९७४ मध्ये सरकारने समुद्राचा प्रश्न सोपवला.

प्रश्न गंभीर होता. साठच्या दशकापासून दुबईहून गलबतांमधून सोन्याची बिस्किटे पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. दमणपासून रत्नागिरीपर्यंतच्या खाड्या तस्करांना पाठ होत्या. त्यांना अडवायचे काम कस्टम खात्याचे होते, पण वेगवान बोटी तस्करांकडे होत्या. नौदलाची मदत घेतली जाई, पण युद्धासाठी बांधलेली जहाजे तस्करांमागे धावडवणे महाग पडे आणि नौदलाच्या मूळ कामालाही बाधा येई. त्यातच १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. ‘बॉम्बे हाय’च्या तेलविहिरींना संरक्षण हवे होते. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या मासळीवर आणि खनिजांवर भारताने हक्क सांगितला. हा पट्टा सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा. एवढ्या पाण्यावर शांततेच्या काळात पोलिसाचे काम कोण करणार?

रुस्तमजी समितीने १९७५ मध्ये उत्तर दिले. नौदलाच्या धर्तीवर, पण नौदलाहून वेगळे असे दल उभारा आणि ते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवा. ते गृह मंत्रालयाकडे असावे असाही एक विचार दिल्लीत होता. इंदिरा गांधींनी समितीची बाजू मान्य केली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी अंतरिम तटरक्षक संघटना सुरू झाली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये कायदा लागू झाला आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या हस्ते दलाचे रीतसर उद्घाटन झाले. व्हाइस अ‍ॅडमिरल व्ही. ए. कामथ पहिले महासंचालक झाले. ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका, अशा सात जहाजांवर कारभार सुरू झाला. दलासाठीच बांधलेले ‘विक्रम’ हे मोठे गस्ती जहाज १९८३ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीतून मिळाले.

पण नुसत्या जहाजांनी समुद्र राखता येत नाही. जहाजावर उभ्या माणसाला फार तर पंधरा-वीस किलोमीटरपर्यंतचे दिसते. जहाज तासाला चाळीसेक किलोमीटर जाते, विमान त्याच तासात तीनशेहून अधिक किलोमीटर पाणी पाहून येते. म्हणून मे १९८२ मध्ये गोव्यात दलाचे पहिले हवाई पथक उभे राहिले. त्याच्याकडे ‘चेतक’ हेलिकॉप्टर होती. मूळ फ्रेंच रचनेचे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले हे छोटे यंत्र जहाजाच्या डेकवरही उतरते. मात्र इंजिन एकच असल्याने किनाऱ्यापासून फार दूर जाणे धोक्याचे. लांबच्या गस्तीसाठी इंडियन एअरलाइन्सची दोन फोकर विमाने भाड्याने घेऊन काही काळ निभावले गेले.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डॉर्निअर’ आले आणि चित्र बदलले. रचना जर्मन, बांधणी कानपूरची. दोन इंजिने, आणि पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचे पाणी मोकळे दिसते. रडार लावले की रात्रीही बोटी टिपता येतात. दमणचा तळ त्यामुळे महत्त्वाचा झाला. बुडणाऱ्यांसाठी तराफा टाकणे, तेलगळतीवर औषध फवारणे ही कामेही हेच विमान करते. २००२ पासून दोन इंजिनांचे स्वदेशी ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर दलात येऊ लागले. त्याच्या नव्या आवृत्तीत रडार आहे आणि गरज पडली तर अतिदक्षतेची वैद्यकीय सामग्रीही बसवता येते.

या कामाची किंमत मोठी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेले ‘ध्रुव’ समुद्रात कोसळले आणि चारपैकी तिघांचा जीव गेला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच विमानतळावर दुसरे ‘ध्रुव’ कोसळून आणखी तिघे गेले, आणि सगळ्या ‘ध्रुव’ची उड्डाणे थांबवावी लागली. दुसऱ्याचा जीव वाचवायला निघून आपला जीव देणाऱ्यांचे मोल कोणत्याही धर्माच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

विमान आणि जहाज एकत्र काय करू शकतात, हे १९९९ मध्ये दिसले. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून निघाले आणि चाच्यांनी ते पळवले. १७ जणांना त्यांनी समुद्रात सोडून दिले. सुदैवाने ते वाचले. चाच्यांनी जहाजाचे नाव बदलून ‘मेगा रामा’ केले. तटरक्षक दलाच्या डॉर्निअरने ते अरबी समुद्रात हेरले. दलाच्या ‘ताराबाई’ने पाठलाग केला, नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली आणि १६ नोव्हेंबरला जहाज ताब्यात आले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नव्हता. तो झाला २०२२ मध्ये.

विमानाची मर्यादा मात्र दुसरीकडेच आहे. १९९३ च्या बाँबस्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला उतरली. त्या प्रकरणात कस्टम आणि पोलीस खात्यांतल्या काही जणांनाही टाडा न्यायालयाने दोषी ठरवले. म्हणजे पहारा फुटला तो माणसांच्या पातळीवर. २००८ मध्ये हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही भारतीय मच्छीमार बोट बळकावली आणि तिच्या तांडेलाला ठार केले. वरून पाहणाऱ्याला ती आपलीच बोट दिसली असती. कुलाब्याच्या कोळीवस्तीपाशी उतरलेल्या त्या दहा अनोळखी तरुणांना हटकले ते तिथल्या मच्छीमारांनी. त्यांची शंका वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचली असती तर?

त्यानंतर किनारी सुरक्षेचा समन्वय तटरक्षक दलाकडे आला. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी रडार बसले आणि मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. आज दलाकडे दीडशेवर जहाजे आणि सत्तरहून अधिक विमाने-हेलिकॉप्टर आहेत. पण पहाटे दर्यावर असणारा पहिला साक्षीदार अजूनही मच्छीमारच आहे, आणि रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर त्यांतले अनेक जण मुसलमान आहेत. दालदी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या मासेमारीत गेल्या. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. खांदेरीच्या लढाईत तो मायनाक भंडारीच्या खांद्याला खांदा लावून लढला. दर्या, बंदर, खलाशी, नाखवा हे मराठी शब्द अरबी-फारसीतून आले, कारण ही माणसे इथल्या पाण्यावर एकत्र वावरत होती. प्रत्येक घातपातानंतर मात्र याच माणसांच्या नावांकडे आधी संशयाने पाहिले जाते. ज्याच्यावर संशय आहे तो खबर द्यायला पुढे येत नाही. नुकसान एका समाजापुरते राहत नाही, पहाराच कच्चा होतो.

रुस्तमजींनी आयुष्यभर पहाऱ्याचेच काम केले, आणि खटल्याविना सडणारी माणसेही त्यांनीच पाहिली. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले आणि जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये त्यावर लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो खटला हुसैनारा खातून या कैदी स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. जलद न्याय हा कलम २१ मधला मूलभूत हक्क आहे, हे त्या खटल्यात ठरले आणि हजारो कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. किनाऱ्याच्या पहाऱ्याचा आराखडा आणि हुसैनाराच्या सुटकेची वाट, दोन्हींच्या मुळाशी कामठीचा हा एकच माणूस आहे. सुरक्षा आणि न्याय यांतले एकच निवडा, असे सांगणाऱ्यांनी त्याचे चरित्र जरूर पाहावे.

समुद्रात अडचणीत सापडलेल्याने १५५४ हा क्रमांक फिरवला की तटरक्षक दल मदतीला निघते. मिरकरवाड्याच्या नाखव्याने काही संशयास्पद पाहिले तर त्यालाही तो तितक्याच निर्धास्तपणे फिरवता यायला हवा. पुढची चौकशी आपलीच होईल, ही भीती त्याच्या मनात नसावी.