लष्करी अधिकाऱ्यांना परराष्ट्र संबंध कशासाठी शिकवतात? खडकवासल्यापासून दिल्लीपर्यंतच्या अभ्यासाची सविस्तर माहिती

फौजी अधिकारी म्हटलं की पहाटेची धावपळ, परेड, बंदूक आणि अंगावरची कडक वर्दी डोळ्यांसमोर येते. पण याच अधिकाऱ्याला प्रशिक्षणात वर्गात बसून दुसऱ्या देशांचं राजकारण, करारमदार, सीमावाद, संयुक्त राष्ट्रं, युद्धाचे कायदे हेही शिकावं लागतं. या विषयाला ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ म्हणतात. ‘लढायचं तर लढायचं, त्यात हा अभ्यास कशाला?’ असं अनेकांना वाटतं. एनडीएची तयारी करणाऱ्या गावाकडच्या मुलामुलींनाही हा विषय परीक्षेपुरता पाठ करायचा वाटतो. प्रत्यक्षात सीमेवर उभ्या असलेल्या तरुण लेफ्टनंटचा एक निर्णय दोन देशांमधला प्रश्न होऊ शकतो, म्हणून हा विषय शिकवला जातो.

एनडीएची मुख्य इमारतच सांगते गोष्ट

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए आहे. भूदल, नौदल आणि हवाईदल या तिन्हींचे भावी अधिकारी इथे एकत्र शिकतात. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन झालं.

घुमट असलेल्या तिथल्या मुख्य इमारतीचं नाव ‘सुदान ब्लॉक’ आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत भारतीय जवान लढले आणि अनेकांनी तिथे प्राण दिले. त्या बलिदानाची आठवण म्हणून सुदानच्या सरकारने एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्या पैशाचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले आणि ते या प्रबोधिनीसाठी वापरले गेले. परदेशात सांडलेलं रक्त, त्यातून जुळलेलं नातं आणि फाळणीची वाटणी या तिन्ही गोष्टी त्या एका नावामागे आहेत.

एनडीएत काय शिकवतात?

एनडीएचं प्रशिक्षण तीन वर्षांचं, म्हणजे सहा सत्रांचं असतं. मैदानी शिक्षणासोबत कॅडेट पदवीचाही अभ्यास करतात. कला, विज्ञान आणि संगणकशास्त्र शाखांची पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. नौदल आणि हवाईदलाच्या कॅडेटसाठी बी.टेक.चीही सोय आहे.

सामाजिक शास्त्रांत राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र यांच्या जोडीला आंतरराष्ट्रीय संबंध येतात. अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन अशा परदेशी भाषाही शिकवल्या जातात. एनडीएनंतर भूदलाचा कॅडेट डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत (आयएमए), नौदलाचा केरळमधल्या एळिमला इथे, तर हवाईदलाचा हैदराबादजवळच्या दुंडिगलला जातो.

जवान म्हणून भरती झालेल्यांसाठीही वाट बंद नाही. सेवेत असताना निवड झाल्यास डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमध्ये तीन वर्षं शिकून पदवी आणि पुढे अधिकारीपद मिळवता येतं.

सीमा एकच नसते: बांधाचं उदाहरण

शेताच्या बांधावरून भाऊबंदकी कशी पेटते हे गावात कुणाला सांगायला नको. देशांचंही तसंच आहे. भारताच्या सीमा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी अधिकाऱ्याला वेगळं वागावं लागतं.

• आंतरराष्ट्रीय सीमा: मोजणी झालेला, खुणेचे दगड रोवलेला आणि दोघांनाही मान्य असलेला बांध. गुजरात, राजस्थान, पंजाबची पाकिस्तानला लागून असलेली सीमा प्रामुख्याने अशी आहे.

• नियंत्रण रेषा (एलओसी): जमिनीचा दावा मिटलेला नाही, पण तोवर कुणी कुठवर यायचं हे कागदावर ठरलंय. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही बाजूंच्या लष्करी अधिकाऱ्यांनी नकाशावर सह्या करून ही रेषा आखली.

• प्रत्यक्ष ताबा रेषा (एलएसी): चीनसोबतची रेषा. इथे दोघांनी मान्य केलेला एक नकाशाच नाही. दोघेही आपापला बांध वेगवेगळ्या जागी दाखवतात. त्यामुळे दोन्हीकडच्या गस्ती तुकड्या समोरासमोर येतात.

हा फरक माहीत नसलेला अधिकारी आपल्या तीस-चाळीस जवानांना घेऊन गस्तीला निघाला, तर घोळ व्हायला वेळ लागत नाही.

गलवान: हातात बंदूक असून गोळी नाही

१९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष ताबा रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कुणी गोळीबार करायचा नाही, असं ठरलं होतं. १५ जून २०२० च्या रात्री लडाखमधल्या गलवान खोऱ्यात चकमक झाली. त्यात १६ बिहार रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष बाबू यांच्यासह भारताचे २० जवान शहीद झाले. कर्नल संतोष बाबू एनडीएचेच माजी विद्यार्थी होते.

‘आपल्या जवानांनी गोळ्या का झाडल्या नाहीत?’ हा प्रश्न तेव्हा गावोगावी विचारला गेला. जवानांकडे शस्त्रं होती, पण जुन्या करारांमुळे अशा आमनेसामनेच्या वेळी बंदूक न वापरण्याची पद्धत होती, असं परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं. वीस घरांनी त्या रात्री माणूस गमावला. कराराची एक ओळ जवानाच्या जिवाशी कशी जोडलेली असते, हे गलवानने दाखवलं.

त्यानंतर चुशूल-मोल्दो भागात दोन्ही लष्करांच्या कोअर कमांडर स्तरावरच्या चर्चेच्या अनेक फेऱ्या झाल्या. सप्टेंबर २०२० च्या फेरीत परराष्ट्र मंत्रालयाचे अधिकारीही लष्कराच्या शेजारी बसले. टेबलाच्या या बाजूला बसलेला लेफ्टनंट जनरल आधी तुमच्या-आमच्यासारखाच बारावी होऊन आलेला मुलगा असतो. वाटाघाटी कशा करायच्या हे त्याला कुठेतरी शिकावंच लागतं.

कारगिल: रेषा न ओलांडण्याचा आदेश

१९९९ च्या कारगिल युद्धात शत्रू डोंगरमाथ्यावर बसला होता. मागून वळसा घालून त्याची रसद तोडणं लष्करीदृष्ट्या सोपं ठरलं असतं, पण त्यासाठी नियंत्रण रेषा ओलांडावी लागली असती. सरकारने भूदल आणि हवाईदल दोघांनाही रेषा न ओलांडण्याचा आदेश दिला. आपल्या जवानांना उभे कडे समोरून चढावे लागले. या युद्धात ५२७ जवान शहीद झाले.

या संयमामुळे सिमला करार कोण पाळतंय आणि कोण मोडतंय, हे जगाला स्पष्ट दिसलं. ४ जुलै १९९९ रोजी पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसमोर सैन्य मागे घेण्याचं कबूल करावं लागलं. किंमत मोठी होती. म्हणूनच ‘रेषा का ओलांडायची नाही’ हे आपल्या जवानांना नीट समजावून सांगू शकेल असा अधिकारी लागतो. आदेशामागचं कारण कळलं की माणूस अवघड कडाही चढतो.

शरण आलेल्याशी कसं वागायचं?

१९४९ चे चार जिनिव्हा करार अधिकाऱ्याला माहीत असावेच लागतात. जखमी, युद्धकैदी आणि सामान्य नागरिक यांच्याशी युद्धात कसं वागायचं ते त्यात आहे. भारताने त्यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदाही केला.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. शरण आलेल्यांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवलं जाईल, असं त्या दस्तऐवजातच लिहिलं होतं. सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी, सुरक्षा हे सगळं अधिकाऱ्यांनी सांभाळलं.

श्रीलंका: महागात पडलेला धडा

२९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांतता राखायला गेलेल्या सैन्याला ऑक्टोबरपर्यंत एलटीटीईशीच लढावं लागलं. तिथली भाषा, तमिळ-सिंहली वाद, गावागावातल्या निष्ठा हे समजून न घेता केवळ बंदुकीवर निभावणं शक्य नव्हतं. मार्च १९९० मध्ये सैन्य परतलं, तोवर अकराशेहून जास्त जवान कामी आले होते. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिथल्याच पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

जवानांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. पण परक्या मुलुखात जाण्याआधी तिथलं राजकारण आणि समाज नीट कळला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

निळ्या हेल्मेटखालची फौज

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताने आजवर अडीच लाखांहून जास्त सैनिक पाठवले आहेत. ५ डिसेंबर १९६१ रोजी आफ्रिकेतल्या काँगोमध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आलं. परमवीर चक्र मिळवणारे ते एनडीएचे पहिले विद्यार्थी. जनरल के. एस. थिमय्या यांनी कोरियातल्या युद्धकैद्यांच्या अदलाबदलीचं नाजूक काम १९५३ मध्ये सांभाळलं आणि पुढे सायप्रसमध्ये शांतिसेनेचं नेतृत्व करताना १९६५ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

शांतिसेनेत अधिकाऱ्याच्या हाताखाली आणि शेजारी इतर देशांचे लोक असतात. गोळी कधी झाडायची याचे नियम संयुक्त राष्ट्रं ठरवतात. या कामाच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र आहे.

वर्गातला शेजारी दुसऱ्या देशाचा

एनडीए आणि आयएमएमध्ये भूतान, मालदीव, ताजिकिस्तान, व्हिएतनाम अशा मित्रदेशांचे कॅडेटही शिकायला येतात. एका ताटात जेवलेली ही मुलं पुढे आपापल्या देशांत मोठ्या पदांवर जातात.

आयएमएच्या १९३२ च्या पहिल्याच तुकडीतले तिघे पुढे तीन देशांचे लष्करप्रमुख झाले: भारताचे सॅम माणेकशॉ, पाकिस्तानचे मोहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशचे स्मिथ डन. त्यातले मुसा १९६५ च्या युद्धात पाकिस्तानचे लष्करप्रमुख म्हणून भारताच्या विरोधात उभे होते. ओळख उपयोगी पडते, पण देशाचं हित त्याहून मोठं असतं, हेही याच अभ्यासात शिकायला मिळतं.

पुढची पायरी: वेलिंग्टन आणि दिल्ली

अधिकारी झाल्यावर अभ्यास संपत नाही. साधारण मेजर पदावर असताना निवडक अधिकारी तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला जातात. त्याच्या प्रवेश परीक्षेत लष्करी इतिहास आणि चालू घडामोडी असतात. तिथे मद्रास विद्यापीठाची संरक्षण व सामरिक अभ्यासाची पदव्युत्तर पदवी मिळते. या कॉलेजचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. १९०५ मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीत सुरू झालं, मग क्वेट्ट्याला गेलं आणि फाळणीनंतर वेलिंग्टनला आलं.

त्याहून वर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज. ते १९६० मध्ये सुरू झालं. ब्रिगेडियर दर्जाचे अधिकारी, सनदी अधिकारी आणि परदेशी अधिकारी इथे जवळपास वर्षभर एकत्र शिकतात. काही अधिकारी पुढे परदेशातल्या भारतीय दूतावासांत ‘डिफेन्स अटॅशे’ म्हणून काम करतात.

गावातल्या मुलामुलींनी तयारी कशी करावी?

• एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुण आणि एसएसबी मुलाखत ९०० गुण. सामान्य क्षमता चाचणीत इंग्रजी २०० गुणांचं, तर उरलेल्या ४०० गुणांत विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी येतात.

• भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते, पण गणिताचा पेपर सर्वांना द्यावाच लागतो.

• मुलींनाही एनडीएचं दार उघडं आहे. २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

• एसएसबीत गटचर्चा आणि छोटं भाषण असतं. तिथे ‘भारत-चीन संबंध’ किंवा ‘श्रीलंका’ असा विषय हमखास समोर येऊ शकतो. पाठ केलेलं चार वाक्यांत संपतं.

• रोज एक बातमी निवडा. ती कोणत्या देशाची, नकाशात तो कुठे आहे, भारताशी त्याचं काय देणंघेणं आहे आणि भांडण कशावरून आहे, हे वहीत चार ओळींत लिहा. त्याला कोचिंगची फी लागत नाही.

• मोबाइलवर येणारे ‘शत्रूची उडाली दाणादाण’ छापाचे व्हिडिओ म्हणजे अभ्यास नव्हे. परराष्ट्र आणि संरक्षण मंत्रालयांची अधिकृत निवेदनं वाचा.

• छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रवेशाच्या तारखांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

• अधिकारी व्हायचं नसेल तरी हा विषय शिकता येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि राज्यातल्या काही महाविद्यालयांत हा विषय बी.ए.ला घेता येतो.

वयोमर्यादा, शिक्षण आणि वैद्यकीय अटी जाहिरातीगणिक बदलू शकतात. अर्ज भरण्याआधी यूपीएससीच्या संकेतस्थळावरची ताजी जाहिरात पूर्ण वाचूनच फॉर्म भरावा.