गिरणीतला रविवार

कावसजी दावरांची गिरणी 1856 साली मुंबईत सुरू झाली. कोकणातून, देशावरून तिथे आलेल्या माणसाला कष्ट नवे नव्हते. पण गावचे काम पावसापाण्याच्या आणि सणावारांच्या चालीने चाले. पोळ्याला बैलाच्या मानेवरचे जूही उतरे. गिरणीत उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे राहायचे. सणासुदीला दार बंद असे, पण आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. रविवारी यंत्रे पुसायलाही बोलावणे येई.

यात पहिला हात घातला तो लँकशायरच्या गिरणीवाल्यांनी, आणि भूतदयेने मुळीच नाही. मुंबईचा स्वस्त माल त्यांना डाचत होता. 1881 च्या कायद्याने 7 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 तासांची मर्यादा आणि महिन्याला 4 सुट्ट्या मिळाल्या. मोठ्यांच्या वाट्याला काहीच आले नाही.

ते मागायला उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. 1884 मध्ये परळच्या सभेत मागण्या ठरल्या: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, कामात जायबंदी झालेल्याला भरपाई. जेवायला अर्धा तास मिळावा म्हणून सभा भरवावी लागत होती! 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे 10,000 कामगार जमले. दोन बायकाही तिथे बोलल्या. (घरच्या चुलीला रविवार कधी मिळाला, हा मागोवा कोणीतरी घ्यायला हवा.) 10 जूनला मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला, पुढच्या वर्षी तो कायद्यात आला.

दिवस मावळला की काम थांबे, एवढाच काय तो आडोसा होता. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तोही गेला. 1905 च्या तेजीत पुरुषांचा दिवस 15 तासांपर्यंत ताणला गेला. आठवड्यातून सुटलेला वेळ मालकांनी असा रोजच्या दिवसातून वळता केला. मग 1922 च्या कायद्याने आठवड्याला 60 तास, 1934 च्या कायद्याने 54, 1948 च्या कायद्याने 48.

हा हिशोब अजून चालूच आहे. 2020 मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा त्यांच्या रोजच्या कामात 45 मिनिटांची भर पडली.