निम
दोन खेळाडूंनी खेळावयाचा एक बैठा गणिती खेळ. काड्या, खडे किंवा नाणी यांच्या काही, बहुधा तीन, राशी मांडून तो खेळतात. आपल्या पाळीला खेळाडूने कोणत्याही एकाच राशीतून निदान एक व इच्छेनुसार कितीही, प्रसंगी सगळेच खडे उचलावयाचे असतात. शेवटचा खडा उचलणारा जिंकतो. या खेळात दैवाला वाव नाही आणि बरोबरीही संभवत नाही. त्यामुळे प्रत्येक मांडणीत दोघांपैकी एकाचा विजय निश्चित असतो. मात्र त्याला तो साधता आला पाहिजे.

हा खेळ प्राचीन चीनमधून आला असे पुष्कळदा लिहिले जाते, परंतु त्याला भक्कम आधार नाही. यूरोपात याच्याशी नाते सांगणारे खेळ मात्र जुने आहेत. क्लोद गास्पार बाशे यांच्या १६१२ च्या ग्रंथात, १ ते १० पैकी एकेक संख्या आळीपाळीने मिळवीत १०० गाठण्याचा खेळ आहे. त्यात १, १२, २३, ३४,... ८९ हे टप्पे गाठणारा जिंकतो. राशींच्या खेळाची संपूर्ण उपपत्ती हार्व्हर्ड विद्यापीठातील चार्ल्स एल्. बाउटन यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतील महाविद्यालयांत व जत्रांत तो खेळला जातो, यापलीकडे त्याच्या इतिहासाचा फारसा शोध त्यांना लागला नव्हता. ‘निम’ हे नाव त्यांनीच सुचविले. ‘घे’ या अर्थाच्या जर्मन आज्ञार्थी रूपावरून ते आले असावे. बाउटन यांचे उच्च शिक्षण लाइपसिक येथे झाले होते.

बाउटन यांची रीत द्विमान अंकनावर आधारलेली आहे. प्रत्येक राशीतील खड्यांची संख्या द्विमान पद्धतीने एकाखाली एक लिहावी. प्रत्येक स्तंभात १ हा अंक समसंख्य वेळा येत असेल, तर ती मांडणी सुरक्षित होय. सुरक्षित मांडणीत कोणतीही चाल केली, तरी एकाच ओळीतील अंक बदलतात आणि म्हणून निदान एक स्तंभ विषम होतोच. उलट, मांडणी असुरक्षित असेल, तर सर्वांत डावीकडच्या विषम स्तंभात १ असलेली ओळ घेऊन तिच्यातील विषम स्तंभांचे अंक पालटावे. डावीकडचा १ जाऊन ० येत असल्याने नवी संख्या लहानच असते. म्हणजे ही चाल नेहमी शक्य असते. उदा., ३, ४ व ५ या राशी ०११, १०० व १०१ अशा लिहिल्यास केवळ मधला स्तंभ विषम आहे. पहिल्या राशीतून दोन खडे उचलले की १, ४, ५ ही सुरक्षित मांडणी मिळते. सर्व राशी शून्य ही अंतिम स्थितीही सुरक्षित असल्याने, सुरक्षित मांडणी ठेवीत जाणारा अखेर जिंकतो. तीन राशींत प्रत्येकी १ ते ७ खडे ठेवण्याच्या ३४३ प्रकारांपैकी ४२ च सुरक्षित आहेत. तेव्हा जाणत्याने पहिली चाल मागून घेणेच शहाणपणाचे. शेवटचा खडा उचलणारा हरतो असा नियम असल्यास, एकच राशी एकापेक्षा मोठी उरेपर्यंत हीच रीत चालते. त्या वेळी एकेकट्या खड्यांच्या राशी विषम संख्येने उरतील अशी चाल करावी.

नियम इतका यांत्रिक असल्याने यंत्रांनी हा खेळ लवकर आत्मसात केला. भौतिकीविज्ञ एडवर्ड काँडन यांचे ‘निमॅट्रॉन’ १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात प्रेक्षकांशी खेळले. त्याचे बरेचसे पराभव प्रदर्शनातील सेवकांनीच केले. यंत्र हरू शकते हे संशयी प्रेक्षकांना पटवावयाचे होते. फेरांटी कंपनीचे ‘निमरॉड’ १९५१ मध्ये लंडनमध्ये व नंतर बर्लिनमध्ये मांडण्यात आले.

रीत कळल्यावर खेळातील चुरस संपते, हे खरे; गणिताच्या दृष्टीने मात्र निमचे महत्त्व त्यानंतरच वाढले. दोघांनाही सारख्याच चाली खुल्या असलेला आणि चाल न उरलेला खेळाडू हरतो असा प्रत्येक सांत खेळ निमच्या एका राशीशी तुल्य असतो, असे आर्. पी. स्प्राग (१९३५) व पी. एम्. ग्रंडी (१९३९) यांनी स्वतंत्रपणे दाखविले. जॉन कॉनवे, एल्विन बर्लेकँप व रिचर्ड गाय यांच्या १९८२ च्या ग्रंथाने या शाखेचा विस्तार केला. तरीही ग्रंडी यांचाच एक खेळ, ज्यात एका राशीचे दोन असमान भाग करावयाचे असतात, अद्याप पुरता उलगडलेला नाही. त्यातील राशींची निम-मूल्ये पुढे कधीतरी आवर्ती होतात की नाही, हे सिद्ध झालेले नाही.